फिंजान खाली ठेवला तेव्हा

विमान खाली उतरू लागलं तेव्हा खिडकीतून एकीकडे निळं आणि दुसरीकडे पिवळट, एवढंच दिसत होतं. समुद्र कुठे संपतो आणि वाळू कुठे सुरू होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. शेजारचे केरळी गृहस्थ अठरा वर्षं इथे येऊन-जाऊन होते, त्यांनी डोळेही उघडले नाहीत. मी मात्र काचेला नाक लावून बसलो होतो. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा देशाबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाने दुसरं काय करायचं?

मी नाशिकचा. छत्तीस वर्षं वीजखात्यात काढली. मुलगा निखिल नऊ वर्षं कतारमध्ये आहे, गॅसच्या प्रकल्पात इंजिनिअर. तो दर वर्षी बोलवायचा आणि आम्ही दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलायचो. या खेपेला मी एकटाच निघालो त्याला कारण होतं. माझ्या हृदयाची एक झडप नीट उघडत नाही असं निदान झालं होतं. महिनाअखेरीला छाती उघडून ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली. सुधाने, म्हणजे माझ्या बायकोने, एका अटीवर दिली. निखिलला समोर बसवून सगळं सांगायचं आणि ऑपरेशनला ये म्हणायचं. तिची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला येता येणार नव्हतं. फोनवर हे काम होणार नाही, असं तिचं मत होतं. फोनवर मी "किरकोळ आहे" म्हणणार आणि मुलगा त्यावर विश्वास ठेवणार, हे ती चाळीस वर्षांच्या अनुभवावरून सांगत होती.

हातात पंधरा दिवस होते. मला वाटलं, भरपूर झाले.

निखिल विमानतळावर घ्यायला आला होता. थोडा सुटलाय, कानांवरचे केस पांढरे झालेत. वाकून नमस्कार केला, बॅग घेतली आणि गाडीत बसल्याबसल्या सांगितलं की प्रकल्पाचं शटडाऊन तोंडावर आलंय. दोन-चार वर्षांतून एकदा सगळा कारखाना बंद करून आतली यंत्रं उघडतात, त्याला ते शटडाऊन म्हणतात. यंदा व्हॉल्व्ह तपासण्याचं सगळं काम त्याच्याकडे आलं होतं. सहा आठवडे कोणालाही सुट्टी नाही. सांगताना त्याचा चेहरा खुलला होता. मुलगा दिवसभर झडपा तपासतो आणि बापाची झडप बिघडली आहे, यावर मला खरं तर हसू यायला हवं होतं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याचं घर अबू हमूरला. सारख्या चेहऱ्याच्या घरांची वसाहत, मधे खेळायला हिरवळ, आणि बाहेर पाऊल टाकायचं तर गाडी हवीच. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला म्हणून निघालो तर रस्त्यावर चालणारा मी एकटाच. दोन गाड्या थांबल्या आणि कुठे सोडू का म्हणून विचारून गेल्या. सूनबाई मानसीने बजावलं, की बाबा, इथे पायी फिरायचं तर मॉलमध्ये.

संध्याकाळी निखिलने चहाला नेलं. चहाला म्हणजे गाडीतच. एका टपरीवजा दुकानासमोर पंधरा-वीस गाड्या उभ्या, त्यांत लाखमोलाच्या कितीतरी. निखिलने हॉर्न वाजवला, एक माणूस पळत आला आणि कागदी कपातून दोन चहा देऊन गेला. दाट, वेलदोड्याचा, साखरेने ओथंबलेला. याला इथे करक म्हणतात. आपलाच कडक चहा समुद्र ओलांडून इथला झाला. पांढरा झगा घातलेले मोठमोठे लोक मोटारीत बसून तो भुरकत होते, ते बघून मला उगाचच छाती फुगवावीशी वाटली. मी म्हणालो, इथली कॉफी काही वेगळी असते ना? मागच्या सीटवरून माझी नात ईरा म्हणाली, "आजोबा, इट्स नॉट लाइक कॉफी अ‍ॅट ऑल." ईरा आठ वर्षांची आहे. मी मराठीत बोलतो, ती सगळं समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. आमचं उत्तम चालतं.

चौथ्या दिवशी सूक वाकिफला गेलो. हा दोह्यातला जुना बाजार. मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी वासे बाहेर आलेले, अरुंद गल्ल्या, आणि त्या गल्ल्यांतून मसाल्यांचा, उदाचा आणि भाजक्या कॉफीचा वास. एका उघड्या पडवीत म्हातारे बाकांवर बसून दामा नावाचा सोंगट्यांचा खेळ खेळत होते. एकेक सोंगटी अशी आपटत होते की मला आमच्या पारावरच्या पत्त्यांच्या डावाची आठवण झाली. निखिल आणि मानसी ईराला पाळीव प्राण्यांच्या गल्लीत ससे दाखवायला गेले आणि मी कॉफीच्या एका दुकानाशी रेंगाळलो.

दुकानदार येमेनचा. मोडक्या हिंदीत तो खुशीत सगळं दाखवत होता. कॉफी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर काळपट तपकिरी रंग येतो. इथल्या बिया तो जेमतेम भाजतो, भाजक्या शेंगदाण्याच्या रंगावर आल्या की उतरवतो. मग जाडसर कुटायच्या आणि पाण्यात पाव तास, वीस मिनिटं उकळू द्यायच्या. खाली उतरवून गाळ बसला की वरचं पाणी दल्ल्यात (लांब चोचीच्या पितळी किटलीत) ओतायचं. त्यात आधीच कुटलेले वेलदोडे आणि केशराच्या काड्या घातलेल्या असतात. दल्ल्याच्या चोचीत खजुराच्या झाडाचा काथ्या खुपसलेला होता, गाळणं म्हणून. दूध नाही, साखर नाही. गोड हवं तर आधी खजूर खा. या पेयाला ते गहवा म्हणतात.

त्याने मला फिंजान (बिनकानाचा, द्रोणाएवढा छोटा कप) दिला. तळाशी जेमतेम तीन घोट. मला वाटलं, गरीब गिऱ्हाईक बघून हात आखडला. चव घेतली. कडू होतं, पण जीभ धरून बसणारं नाही. आधी वेलदोडा, मग काहीतरी गवतासारखं, आणि घोट गेल्यावर मागून केशर. सणाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात शिरल्यावर येतो तो वास माझ्या तोंडात होता, आणि त्यात गोडाचा कण नव्हता. इतकी वर्षं चहा पिऊन मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. तो तोरा तिथेच उतरला.

फिंजान रिकामा झाला की तो भरायचा. मी नको म्हणून पंगतीत ताटावर धरतो तसा हात आडवा धरला, तर गरम धार माझ्या बोटांवर. त्याचा जीव कासावीस झाला, माझी बोटं लाल झाली. मग त्याने दाखवलं. पुरे झालं की फिंजान हातात धरून मनगटातून दोनदा हलवायचा. बोलायचं नाही, नको-नको करायचं नाही. मी विचारलं, इतकं थोडं का ओतता? तो म्हणाला, पूर्ण भरून दिला तर त्याचा अर्थ होतो की हे एकदाचं पी आणि जा. थोडं ओतायचं, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं. पाहुण्याला बसवून ठेवायची ही युक्ती मला फार आवडली. पाहुण्याला काठोकाठ कप देऊन वर आग्रहाने बशीही भरणारे आम्ही लोक, आजवर किती जणांना नकळत वाटेला लावलं असेल कोण जाणे.

रोज सकाळी सुधाचा फोन येई. एकच प्रश्न असे, "बोललात का?" मी म्हणे, आज संध्याकाळी बोलतो.

सातव्या दिवशी खरंच बोलायचं ठरवून मी निखिलबरोबर लुसैलला गेलो. दोह्याच्या उत्तरेला वाळूत उभं केलेलं नवं कोरं शहर. चकाकते मनोरे, त्यांच्यामधून आवाज न करता सरकणारी ट्राम. तिथल्या एका काचेच्या कॉफीघरात आम्ही बसलो. पांढऱ्याशुभ्र झग्यातली तरुण मुलं वजनकाटा लावून गाळलेली कॉफी पीत होती आणि तिच्या चवीवर गंभीरपणे चर्चा करत होती. मी घसा खाकरला, "निखिल, एक सांगायचं होतं." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शटडाऊनची यादी, कुठला तरी व्हॉल्व्ह अजून आला नव्हता. वीस मिनिटं तो बोलत होता. फोन ठेवून म्हणाला, "हं बाबा, काय म्हणत होता?" मी म्हणालो, "इथली कॉफी महाग आहे रे." तो हसला. मला स्वतःचा राग आला आणि मी तो कॉफीबरोबर गिळला.

बाराव्या दिवशी शुक्रवार होता. निखिलचे जुने साहेब, आता निवृत्त झालेले, बू राशिद यांनी मला भेटायला बोलावलं होतं. बू राशिद म्हणजे राशिदचे वडील. इथे थोरल्या मुलाच्या नावाने बापाला हाक मारतात. निखिल या देशात नवा आला तेव्हा त्यांनी त्याला हाताला धरून काम शिकवलं होतं. घर अल अझीझियाला. दुपारच्या नमाजानंतर त्यांची मजलिस (पाहुण्यांची बैठक) भरते. मुख्य घराला लागून एक वेगळी लांबलचक खोली, तिचं दार थेट रस्त्याकडे आणि दिवसभर उघडं. ओळखीचा असो वा नसो, ज्याला यायचं त्याने यावं. चारी भिंतींलगत बुटक्या गाद्या, मधे गालिचा, कोपऱ्यात धुपाटणं. आम्हाला धरून अकरा माणसं होती. आत शिरताच सगळे उठून उभे राहिले, अगदी काठी टेकणारे एक आजोबासुद्धा. मी वीजखात्यातला साधा माणूस, माझ्यासाठी अशी आख्खी खोली कधी उभी राहिली नव्हती.

बू राशिद माझ्याच वयाचे, दाढी पांढरी, डोळे मिश्कील. हिंदी छान बोलत होते. त्यांचे आजोबा मोत्यांचा व्यापार करायला मुंबईला यायचे आणि ते स्वतः लहानपणी वडिलांच्या औषधपाण्यासाठी मुंबईत काही महिने राहिले होते. त्यांनी मला हाताला धरून स्वतःच्या शेजारी बसवलं. पलीकडे निखिल. आधी खजूर आले. मग इद्रिस आला.

इद्रिस सुदानचा, पन्नाशी उलटलेला, उंच, सावळा. पंधरा वर्षं या घरात गहवा देतो आहे. डाव्या हातात दल्ला, उजव्या हातात एकात एक घातलेले चार फिंजान. वरच्या फिंजानवर त्याने चोच हलकेच टेकवली, टिण असा आवाज झाला आणि खोली आपोआप शांत झाली. मग हातभर उंचावरून बारीक सोनेरी धार पडली आणि नेमकी हवी तिथे थांबली. एक थेंब बाहेर नाही. तो कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हता, फक्त हातांकडे बघत होता. कोणाचा फिंजान रिकामा झाला, कोणी हलवला, त्याला बरोबर कळत होतं. मी इतक्या लग्नांत वाढपी पाहिले, पण काम करताना इतका अदबशीर आणि तरीही इतका ताठ माणूस पाहिला नाही.

पाहुणा म्हणून पहिला फिंजान मला मिळाला. आणि मी चूक केली.

आमच्याकडे सगळ्यांच्या हातात आल्याशिवाय कोणी तोंड लावत नाही. लहानपणी त्यावरून मी वडिलांचा मार खाल्ला आहे. मी फिंजान समोरच्या गालिच्यावर ठेवला आणि बाकीच्यांची वाट बघू लागलो. हे लक्षात आलं नाही की माणसं अकरा आणि फिंजान चार. एकाने पिऊन परत द्यायचा, मग तोच पुढच्याला. सगळ्यांच्या हातात एका वेळी तो कधी येणारच नव्हता.

हळूहळू बोलणं थांबलं. काठीवाले आजोबा माझ्या फिंजानकडे बघत होते. इद्रिस जागच्या जागी उभा राहिला. बू राशिदनी ओठांजवळ नेलेला स्वतःचा फिंजान खाली आणला. निखिल माझ्या कानाशी लागून घाईघाईने कुजबुजला, "बाबा, उचला तो आणि प्या. इथे असा न पिता खाली ठेवला म्हणजे पाहुण्याला काहीतरी मागायचं असतं. ते मिळेपर्यंत तो पीत नाही. जुनी पद्धत आहे."

मी ओशाळलो. बू राशिदना ते कळलं असावं. ते हसले आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "गलती से रखा तो पी लो, कोई बात नहीं. हाजत है, तो बोलो. ये घर आपका है."

हाजत म्हणजे गरज. माझा हात फिंजानपर्यंत गेला होता. बोटांना त्याची ऊब लागत होती. उचलायचा, हसायचं आणि प्यायचं, एवढंच करायचं होतं. सगळे हसले असते आणि बारावा दिवसही बाकीच्या अकरांसारखा निघून गेला असता. मी हात मागे घेतला.

"हाजत है," मी म्हणालो. "मेरे दिल का ऑपरेशन है. इसी महीने. मुझे मेरा बेटा चाहिए. दो हफ्ते."

निखिलकडे बघायची माझी हिंमत नव्हती. बू राशिदनी हळू आवाजात अरबीत दोन वाक्यं सांगितली. कोणीही हळहळलं नाही, कोणी सल्ला दिला नाही, आपल्या मेव्हण्याच्या ऑपरेशनची गोष्ट कोणी काढली नाही. ज्यांच्या हातात फिंजान होते त्यांनी ते तसेच धरून ठेवले. एका परक्या म्हाताऱ्याच्या मागण्यापुढे अख्खी खोली थांबली होती. या माणसांनी वाळवंटात काय काय सोसलं असेल, तेव्हा कुठे मागण्याला एवढा मान द्यायला शिकले असतील. मी तसा फार भाविक नाही, पण त्या वेळी हात जोडावेसे वाटले.

बू राशिद म्हणाले, "ये मेरे हाथ में होता तो हो गया था. लेकिन ये निखिल के हाथ में है." आणि त्यांनी आपला फिंजान माझ्या फिंजानशेजारी गालिच्यावर ठेवला.

मग मी बघितलं. निखिल माझ्याकडे बघत होता. लहानपणी सायकलवरून पडल्यावर, रडायचं की नाही हे ठरण्याआधी व्हायचा तसा त्याचा चेहरा झाला होता. त्याने वाकून माझा फिंजान उचलला आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

"प्या बाबा," तो म्हणाला. "गार झालाय."

इद्रिस तो बदलून द्यायला पुढे आला होता. मी दिला नाही. गार गहवा एका घोटात प्यालो. बू राशिदनीही आपला उचलला. हळूहळू बोलणं सुरू झालं, कोणीतरी हसलं, इद्रिस पुन्हा फिरू लागला. निघताना बू राशिद दारापर्यंत आले. माझा हात दोन्ही हातांत धरून फक्त "इन्शाल्ला" म्हणाले आणि बराच वेळ सोडला नाही.

निखिलने गाडी काढली. दोन सिग्नल गेले. तिसऱ्याला तो म्हणाला, "मी घरात रोज समोर बसत होतो, बाबा. माझ्याआधी त्यांना सांगितलंत." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी शटडाऊनचं म्हणालो, त्याच्या जबाबदारीचं म्हणालो. ते मी ठरवलं असतं, तो म्हणाला. मला विचारायचं तरी होतं. मला शरम वाटली आणि तसं मी त्याला सांगितलंही. बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच. त्याने गाडी बाजूला घेतली आणि ऑपरेशनची तारीख विचारून घेतली. घरी पोचल्यावर त्याने आत जाऊन सुधाला फोन केला, आणि ती म्हणे फोनवर रडली. माझ्यासमोर ती कधी रडत नाही.

सुट्टी सहजासहजी मिळाली नाही. दोन आठवडे मागितले, बारा दिवस मिळाले, आणि त्या बारा दिवसांसाठी शटडाऊनचं काम दुसऱ्याकडे द्यावं लागलं. ते त्याला पुन्हा कधी मिळेल हे त्यालाही ठाऊक नाही. मी त्यावर बोलायला गेलो तर म्हणाला, खलास, आता तो विषय नको. ईराने मला निरोप देताना गळ्यात हात टाकले आणि चक्क मराठीत म्हणाली, "आजोबा, परत या." मानसीने बॅगेत खजूर आणि अर्धा किलो भाजलेल्या बिया कोंबल्या. परतीच्या विमानात खिडकी निखिलला दिली. त्याने बाहेर एकदाही पाहिलं नाही, तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला.

आता नाशिकला बसून हे लिहितो आहे. भेटायला येणारे विचारतात, कतारमध्ये काय पाहिलंस? मी मनोरे सांगतो, ट्राम सांगतो, बाजार सांगतो. मजलिसीचं सांगायला गेलो की अडखळतो. आपल्याकडे देणाऱ्याचं कौतुक आहे. आग्रह करकरून वाढणारे आपण, पण मागायचं म्हटलं की जीभ उचलत नाही. साधा चहा घेता का विचारलं तरी पाहुणा आत्ताच झाला म्हणतो. माझे वडील शेवटच्या दुखण्यातसुद्धा "काही नको, काही नको" म्हणत गेले आणि मला तो मोठेपणा वाटत आला होता. त्या लोकांनी मात्र मागण्यालाही जागा करून ठेवली आहे. तुम्ही तोंड उघडायच्या आधी घरधनी विचारतो. मला ते गहव्याच्या चवीइतकंच थोर वाटतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला आत न्यायला आले तेव्हा निखिल स्ट्रेचरबरोबर चालत होता. दारापाशी त्याला थांबवलं. त्याने विचारलं, "बाबा, काही हवंय का?"

"हवंय," मी म्हणालो. "मी बाहेर येईपर्यंत इथेच बसून राहा. कुठे जाऊ नकोस."

तो बसून राहिला. सुधा सांगते, साडेपाच तास तो चहालासुद्धा उठला नाही.